घरी कोण वाट पाहतंय, हा कॉलम

एकोणचाळीस जणांना विचारलं. चाळिसाव्याला नाही.

तो चाळिसावा माणूस आज सकाळी नेपाळमधल्या आपल्या गावी वारला. त्यांच्या मुलाचा फोन आला.

गुरुंगकाका. आखातात, अल थुमामा स्टेडियमच्या आमच्या साइटवर सिक्युरिटी सुपरवायझर. त्याआधी, तरुणपणी, हाँगकाँगला ब्रिटिशांच्या गुरखा पलटणीत क्लार्क. पलटण कमी करायचं ठरलं, तेव्हा कोण कधी घरी जाणार ही यादी त्यांच्याच टाइपरायटरवर उतरली.

मी दहावीनंतर शाळा सुटलेला टाइमकीपर. एकेक नाव पासपोर्टशी तीनदा ताडून पाहणारा.

मागच्या वर्षी स्टेडियमचं काम संपत आलं. मॅनेजर म्हणाले, "गार्ड्सची डीमोब लिस्ट कर. चाळीस जण, चार बॅच. यल्ला, लवकर!"

कोणाला आधी घरी पाठवायचं, ते मी ठरवायचं?

काकांनी चहाचा कप पुढे सरकवला.
"क्या मराठा, पेन अटक गया? हमारे साहब लोगों ने ट्रक गिने, राइफलें गिनीं, पलंग तक गिने। मैंने पेन्सिल से एक कॉलम बढ़ाया. घर पर कौन राह देख रहा है।"

मीही तो कॉलम आखला. एकेकाला विचारत गेलो.

एकाच्या बायकोचे दिवस भरत आलेले. एकाच्या बहिणीचं लग्न. एक जण म्हणाला, "कोई नहीं। एक भैंस है।"

काका मागून ओरडले, "भैंस भी लिख!"

काकांना मात्र मी विचारलंच नाही. शेवटच्या बॅचमध्ये ठेवलं तर त्यांची नोकरी तीन महिने जास्त टिकेल, असं मला वाटलं. उपकारच करतोय असं वाटलं. त्यांच्या नावापुढे मी मनानंच डॅश टाकला.

त्यांनी यादी वाचली. डॅशवर बोट थांबलं.

"ठीक है," म्हणाले.

तिसरी बॅच गेली आणि आठवड्याभरात, दसऱ्याच्या तोंडावर, त्यांची आई वारली.

त्यांच्याकडे दसऱ्याला घरातल्या थोरांच्या हातून कपाळाला टिळा लावून घेतात. म्हातारी दोन वर्षं त्या टिळ्यासाठी थांबली होती.

"काका, बताया क्यों नहीं?"

"तू पूछता तो बताता।"

मग म्हणाले, "हाँगकाँग से भी मैं आख़िर में निकला था, बेटा। पेन्सिल मेरे हाथ में थी। अपने आगे क्या लिखता?"

शेवटच्या बॅचबरोबर ते निघाले, तेव्हा एअरपोर्टवर माझा हात धरून ठेवला. "अगली लिस्ट में तेरा नाम भी होगा। तेरे आगे कौन लिखेगा?"

ती पुढची लिस्ट सध्या माझ्याच टेबलावर आहे. वर्ल्ड कपच्या आधी आमची दुसरी साइटही बंद होतेय. माझं नाव शेवटच्या बॅचमध्ये. पुढे डॅश.

आज फोन ठेवला आणि तो डॅश खोडला.

लिहिलं, आई.

मग कपाटातून मागच्या वर्षीची लिस्ट काढली. चाळिसाव्या ओळीतही तेच लिहिलं. एक वर्ष उशिरा.

सावकाश जा, काका. या वेळी तुमची वाट कोण पाहतंय, ते मला माहीत आहे.