खंडेनवमीचा फिल्टर

सुधाकर शेटे मूळचा कराडकडचा. सरकारी कारखान्याच्या पंपखात्यात हयात गेली. बदलीनं कलकत्त्याला आला तो तिथल्या बेहाला भागातच मुरला. बंगाली शिकला, मोहरीचं तेल पचवलं, पण घरात तोंड उघडलं की कराडच बाहेर पडायचं. आता ते ऐकायलाही कोणी उरलं नव्हतं. गेल्या वर्षी बायको अलका कॅन्सरनं गेली आणि लेक नूपुर कॉलेज सोडून खोलीत जाऊन बसली. बाप दाराशी ताट ठेवायचा, ती अर्धं खाऊन बाहेर सरकवायची. बोलणं नाही.

मग एका सकाळी तीच बाहेर आली. "बाबा, मला समुद्रातल्या माशांचं, खाऱ्या पाण्याचं टँक पाहिजे. छोटं. प्रवाळवालं."

नको म्हणायची सुधाकरची छातीच नव्हती.

दुकानात मात्र त्याच्यातला पंपवाला जागा झाला. टाकीखाली ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर त्यानं उचलून पाहिला. "ह्यो घेऊ. जोर बघ की ह्याचा!"

"नको. त्या डब्यात घाण बसून राहते. साफ करायला आळस केला की पाणी बिघडतं. नवीन माणसाला हा काचेवर टांगायचा छोटाच बरा. खरं काम तर दगड करतात."

"दगड? दगड कसलं काम करत्यात?"

"जिवंत दगड आहेत, बाबा. त्यात बारीक जंतू राहतात, ते माशांची घाण खातात. फिल्टरच्या स्पंजमध्ये पण राहतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं ते मरतात. म्हणून स्पंज नळाखाली कधीच नाही धुवायचा. टाकीचंच पाणी काढून त्यात पिळायचा."

"म्हंजे घाणीतच घाण धुवायची! तुझी आई असती तर दोघांनाबी जिन्यात उभं केलं असतं."

नूपुर हसली. वर्षातलं पहिलं हसू. सुधाकरनं टांगायचा फिल्टर घेतला. तिनं त्या घडीला काहीही मागितलं असतं तरी घेतलं असतं.

टाकी बैठकीत आली आणि नूपुरही. आधी नुसते दगड नि पाणी, पुष्कळ दिवसांनी दोन केशरी मासे, मग बोटं हलवल्यासारखं डुलणारं प्रवाळ. बापलेक टाकीसमोर जेवू लागले. दुर्गापूजेत मैत्रिणीनं बालीगंजला राहायला बोलावलं, तर ही चक्क निघाली. दारात थांबून म्हणाली, "टाकीकडे तुम्ही बघाल ना?"

"जा गं. जल्म पंपात गेलाय माझा."

दुसऱ्या दिवशी नवमी. खाली पूजेच्या मंडपात ढाक, बंगाली ढोल, घुमत होता. सुधाकरला अलकाची खंडेनवमी आठवली. मिक्सर, इस्त्री, त्याचे पाने-पकडी, सगळं घासूनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायची आणि दसरा उजाडेपर्यंत कशालाच हात लावू द्यायची नाही. "यंत्रालाबी एक दिस इसावा नको?" म्हणायची.

घरात पुजावं असं यंत्र आता एकच होतं. ज्यानं लेक परत दिली ते.

त्यानं फिल्टर बंद करून उतरवला. स्पंज तपकिरी, बुळबुळीत. असला देवापुढं कसा ठेवायचा? नूपुरचं बोलणं आठवलं, पण यंत्र न धुता पुजायचं हेही मनाला पटेना. एकदा धुतल्यानं काय होतंय? त्यानं नळ सोडला आणि पाणी निवळशंख होईपर्यंत स्पंज पिळला. मग फिल्टर पाटावर ठेवला, कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, हात जोडले. "पोरीला असंच ठेव."

दसऱ्याला सकाळी, रात्रभर फिल्टरविना राहिलेल्या टाकीचं पाणी दुधाळ झालं होतं. हलणारं काहीच नव्हतं. दोन्ही मासे वाळूवर आडवे होते आणि प्रवाळाला शेंबडासारखी तार सुटली होती. त्यानं घाईघाईनं फिल्टर लावला. कुंकू विरघळून काचेवरून ओघळलं.

नूपुर दुपारी आली. टाकी पाहिली, पाटावरचं फूल पाहिलं.

"स्पंज नळाखाली धुतला?"

"पोरी, तुझी आई..."

"आईचं नाव नका घेऊ."

 ती खोलीत गेली, कडी लागली.

सुधाकरनं दाराशी ताट ठेवलं. संध्याकाळी ते तसंच होतं, अर्धंही खाल्लेलं नव्हतं. बैठकीत मेलेल्या टाकीवर फिल्टर गुरगुरत होता. तो बंद करायला त्याचा हात धजला नाही.