बाईंनी थांबवलेलं शूटिंग

समोरचा माणूस फालतू बोलायला लागला की बाईंचा उजवा हात हळूच कानामागं जायचा. ऐकण्याचं मशीन बंद. मग चेहऱ्यावर पूर्ण आदर ठेवून त्या मान हलवत बसायच्या. तो माणूस दमून उठला की मशीन पुन्हा चालू आणि मला प्रश्न, "झालं का त्यांचं?"

परभणीतल्या बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत मी कारकून होतो आणि बाई शिकवायच्या. आमच्या कार्यालयाला लागूनच त्यांचा वर्ग. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसल्यानं त्या चांगल्या खड्या आवाजात बोलत. सात वर्षांच्या असताना तापात त्यांचे कान गेले. वडील पूर्ण्याला रेल्वेत होते. मुलीला पहिल्या बाकावर बसवा, म्हणून ते हेडमास्तरांशी तीनदा भांडून आले होते. भांडण बाईंना घरातूनच मिळालं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

मी टाइप केलेल्या प्रत्येक कागदावरच्या 'मूकबधिर' शब्दातला 'मूक' त्या लाल पेनानं खोडायच्या.

"सरकारी शब्द आहे, बाई."

"सरकारनं माझा वर्ग बघितलाय का, भाऊसाहेब? एक पोरगं गप बसंना, अन् म्हणं मुकं."

खरंच होतं ते. तुम्ही कधी अशा वर्गाच्या दारात उभे राहिलात तर पाहाल, चाळीस हात एकाच वेळी भांडत असतात.

रविवारी सकाळी जेवणाच्या हॉलमधला टीव्ही लागायचा. पडद्यावर खाली अक्षरं येत नसत, त्यामुळे कार्टूनमधली पात्रं काय बोलतात ते पोरं स्वतःच ठरवायची. आमच्या हॉलमध्ये मांजर उंदराला गृहपाठ विचारायचं. एका कार्टूनमध्ये एक बहिरे आजोबा होते. त्यांना पाणी मागितलं की ते राणी आणायला निघायचे. बाई ते बघायच्या आणि म्हणायच्या, "आपली माणसं टीव्हीत दोनच कामाला. एक हसायला, एक रडायला."

मग एका वर्षी टीव्हीच आमच्याकडं आला. पुण्याहून एक तरुण दिग्दर्शिका मुलांच्या मालिकेचा एक भाग करायला आली. संस्थेचे सचिव इतके खूश झाले की भिंतींना रंग लागला आणि पोरांना नवे गणवेश आले. गोष्ट अशी होती: एका बहिऱ्या मुलीशी कुणी खेळत नाही. मग तिला कानाचं मशीन मिळतं. ते लावताच ती "आई" म्हणते आणि सगळे रडतात. ही मुलगी करायला पुण्याहूनच एक ऐकू येणारी गोड मुलगी आणलेली. आमच्या पोरांनी मागं बसायचं.

कॅमेरा सुरू झाला. त्या मुलीनं हवेत हात फिरवले. मागं बसलेली आमची पोरं आधी गोंधळली, मग हसत सुटली. झरी गावची एक सहावीतली पोरगी तर पोट धरून खाली बसली.

"का हसतायत?" दिग्दर्शिकेनं विचारलं.

बाईंनी सांगितलं, "ती म्हणायली, माझी म्हैस शनिवारी डॉक्टर झाली."

"अहो, पण प्रेक्षकांना कुठं कळणार आहे?"

"ह्यांना कळायलंय की. हे प्रेक्षक न्हाईत का?"

बाई कॅमेऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मला मशीन लागून बत्तीस वर्षं झाली. अजून ओठ बघितल्याबिगर सात का साठ ते कळत न्हाई. तुमची पोरगी मशीन लावून लगेच आई म्हणती. जे लेकरू मशीन लावूनबी बोलत न्हाई, त्यानं टीव्ही बघून काय समजायचं? आपलंच चुकलं म्हणून? ही गोष्ट हितं होणार न्हाई."

सचिवांनी त्यांना कार्यालयात बोलावलं. संस्थेचं नाव होणार होतं, तुम्ही माती केली, असं बराच वेळ चाललं. बाईंचा हात कानामागं गेलेला मी पाहिला, सचिवांनी नाही पाहिला. दुसऱ्या दिवशी शिस्तभंगाची नोटीस मलाच टाइप करावी लागली. बाईंनी ती वाचली, शुद्धलेखनाच्या दोन चुका लाल पेनानं दुरुस्त केल्या आणि खाली खुलासा लिहिला: 'पुन्हा आले तर पुन्हा थांबवीन.'

शूटिंग थांबलं त्या दुपारी मात्र आणखी एक गोष्ट घडली. दिग्दर्शिका व्हरांड्यात एकटीच बसली होती. बाई तिच्यासाठी चहा घेऊन गेल्या.

"मग मी दाखवू तरी काय?" तिनं विचारलं.

"मला का विचारायल्या? पोरीला विचारा."

झरीच्या पोरीनं हातांनी गोष्ट सांगितली, बाई ती बोलून दाखवत गेल्या. शेजारच्या पेरूच्या झाडावर डल्ला मारायला पाच जण पत्र्यावरून गेले. अगदी लपतछपत, वाकून. मालक लगेच काठी घेऊन बाहेर. पत्र्याचा एवढा आवाज होतो, हे पाचांतल्या एकालाही माहीत नव्हतं.

दिग्दर्शिका हसता हसता रडली. संध्याकाळपर्यंत तिनं ते सगळं चित्रित केलं. पत्र्यावर आमचीच पोरं होती आणि गोष्ट सांगायला झरीची पोरगी.

तीन महिन्यांनी तो भाग लागला. पेरूची गोष्ट आली तेव्हा पोरांनी ताटं बडवून हॉल डोक्यावर घेतला. आणि मग शेवट आला. दुसरीकडे कुठंतरी चित्रित केलेला. तीच पुण्याची मुलगी, तेच मशीन, तीच "आई".

पोरांची ताटं थांबली. पहिलीतला एक बारका पोरगा उठून बाईंकडं आला. स्वतःच्या कानावर बोट ठेवून त्यानं हातांनीच विचारलं, "माझं मशीन खराब हाय का?"

बाई फरशीवर बसल्या, त्याच्याएवढ्या झाल्या. सगळ्यांना दिसेल असे मोठे हात करून म्हणाल्या, "तुझं मशीन चांगलं हाय. त्यांची गोष्ट खराब हाय."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि शेवटचं.

सोमवारपासून पत्रं सुरू झाली. दर आठवड्याला प्रत्येक पोराचं एक पत्र, ज्याला लिहिता येत नाही त्याचं चित्र. तिकिटं मी चिकटवायचो. बऱ्याच दिवसांनी वाहिनीकडून दोन ओळी आल्या, आपल्या प्रेमाबद्दल आभार. बाईंनी तो कागद फलकावर लावला आणि 'प्रेमाबद्दल' खोडून वर लिहिलं, 'तक्रारीबद्दल'.

"आता पुरे करा, बाई," मी म्हणालो.

"का? त्यांनी ऐकलं का?"

पत्रं चालूच राहिली. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तो भाग पुन्हा दाखवणार असल्याचं कळलं, तेव्हा बाईंनी सुट्टीला गेलेल्या पोरांच्या घरी निरोप धाडले. मी माझ्या घरी पाहिला. पेरूची गोष्ट संपली, पोरं पत्र्यावर बसून पेरू खात होती, आणि भाग तिथंच संपला. मशीनही नाही, "आई"ही नाही. रात्री बाईंना दिग्दर्शिकेचा मोबाईलवर मेसेज आला, 'वाहिनीशी भांडले.' बाईंनी मला तो दाखवला. म्हणाल्या, "पोरगी कामाची निघाली."

मागच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. नोटीस फाईलमध्ये तशीच राहिली. सचिवांनी निरोप समारंभ ठेवला नाही, म्हणून मोठी पोरं आणि मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. बाई पूर्ण्याला घरी निघाल्या होत्या. गाडी हलली. बाई खिडकीतून हात करत होत्या आणि पोरांचे हात थांबत नव्हते.

भावाला सोडायला आलेला माझ्याशेजारचा एक माणूस हळहळला, "बिचारी लेकरं. जाताना दोन शब्द बोलता येईनात."

मी उभ्या आयुष्यात कुणाला उलट बोललो नव्हतो. पण म्हणालो, "बोलायलेत की. तुमाला कळंना."

"काय बोलायलेत?"

"बाई विचारायल्यात, टाकीची मोटर बंद केली का. पोरं म्हणायलीत, केली."

त्या माणसाचा भाऊ पुढच्या डब्याच्या दारातून ओरडून त्याला काहीतरी सांगत होता. हॉर्नमध्ये ते विरून गेलं. "आँ? काय?" करत तो गाडीमागं चार पावलं पळाला आणि थांबला. पार सिग्नलजवळ पोचलेल्या खिडकीतून बाईंचा हात अजून काहीतरी विचारत होता, आणि आमची पोरं उत्तर देत होती.