पन्नास मिनिटांवरचा दादा

अलिबागहून निघाले तेव्हा आईने ओटीवर मलिद्याचं ताट मांडलं होतं. गुळात कालवलेले पोहे, ओलं खोबरं, वेलची, भोवती पाच फळं. आम्हा बेने इस्रायलींकडे, म्हणजे कोकणातल्या ज्यूंकडे, कुणी लांब निघालं की एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन मलिदा करतात. त्या दिवशी तो मी एकटीनेच खाल्ला. दादा दोन वर्षं आधीच कॅनडात गेला होता. आई म्हणाली, "तिकडे दोघं एका ताटात मलिदा खा. तोवर मी मासळीला हात लावणार नाही." आमची आई, सुरमईशिवाय जिचा घास उतरत नाही!

तिला वाटलं, एकच तर देश, आठवड्यात भेटतील. पण दक्षिणेतल्या नॉर्थ यॉर्कच्या बेसमेंटमध्ये मी बॅगा टेकवल्या तोवर दादा उत्तरेला बेकर लेकच्या शाळेत रुजू झाला होता. पुढे मला नर्सची जागा मिळाली तीही उत्तरेतच, रँकिन इनलेटला. मध्ये अडीचशे किलोमीटर, रस्ता नाही, विमानाने पन्नास मिनिटं. "मग रोज जेवायला जा की त्याच्याकडे!" आई फोनवर म्हणाली.

कसलं रोज! पहिल्यांदा धुकं, दुसऱ्यांदा ब्लिझर्ड, फ्लाइट कॅन्सल. तिसऱ्यांदा दादाचं विमान तिकडून निघालं. मी पार्का, इथला जाड टोपीवाला कोट, घालून, मांडीवर ताट घेऊन एअरपोर्टवर बसले. बाहेर आभाळ कुठे संपतं आणि बर्फ कुठे सुरू होतो, कळत नव्हतं. वरून घरघर ऐकू आली. जवळ आली, लांब गेली, पुन्हा जवळ आली. माझा भाऊ डोक्यावर घिरट्या घालत होता आणि मला दिसत नव्हता. मग आवाज विरत विरत गेला. विमान न उतरताच परत फिरलं होतं. मी तिथेच हमसून हमसून रडले. "मेबी टुमॉरो," काउंटरवरची बाई म्हणाली. इथे सगळे असंच म्हणतात.

तिकडे अलिबागेत आई भेट ठरली की दर वेळी सुरमई आणायची आणि शेजारच्या काकूंना देऊन टाकायची.

परवा सकाळी मात्र विमान उतरलं. दादा दाढीवर हिम घेऊन आत आला. वारा वाढायच्या आत त्याला त्याच विमानाने परतायचं होतं. डब्यातून आणलेले पोहे, सुकं खोबरं आणि पाचवं फळ म्हणून खजूर. कोट न काढताच आम्ही ताटावर वाकलो. अलिबागेत संध्याकाळ होती. व्हिडिओवर आई नुसती बघत राहिली. "खा आधी," एवढंच म्हणाली, आणि तव्यावर तुकडी पडल्याचा चर्र आवाज आला.

पहिला घास तिने रडत रडतच खाल्ला. मग डोळे पुसून म्हणाली, "सुरमई सुटली. आता आपण तिघं एका ताटात खाऊ, तोवर पापलेट बंद."

इथे कुणी विचारतं, घर किती लांब? पूर्वी मी तास मोजून सांगायचे. आता म्हणते, एका पापलेटाएवढं.