दार सर्वांना उघडं, फक्त काकूंना सोडून

दोन हजार सालानंतरच्या वर्षांत इंग्लंडात मिल्टन कीन्सच्या पलीकडच्या एका गावात मी प्रौढांच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचो. माउस कानाला लावून 'हॅलो' म्हणणारे विद्यार्थी मी पचवले आहेत. त्यातला एक पुढे आमचाच साहेब झाला, हेही पचवलं. पण आमच्या ॲडमिशनच्या काउंटरने मला जो घाम फोडला, त्याने एक बादली सहज भरली असती.

आमच्या कॉलेजचं ब्रीद होतं, दार सर्वांना उघडं. वय नको, मार्क नकोत, नुसते या. हे ब्रीद मी एका बेसावध क्षणी शेजारच्या काकूंना समजावून सांगितलं. काकू नागपूरहून मुलाकडे कायमच्या राहायला आलेल्या. त्यांना इंग्रजी हवं होतं ते एकाच कारणासाठी. डॉक्टरकडे गेलं की मुलगा मधे बसून दुभाषा व्हायचा.

"अरे, सगळं का मुलासमोर बोलता येतं? मग मी आपलं पोट म्हणते. तो पोट सांगतो. अन् दुखणं भलतंच."

दोन वर्षं त्या बिचाऱ्या पोटाच्या गोळ्या खात होत्या.

झालं, गाडी काढली. कॉलेज दोन मैलांवर, पण मधे इतके राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, की पोचेपर्यंत काकूंच्या चार प्रदक्षिणा पूर्ण झाल्या. काउंटरवरच्या बाईंनी गोड हसून आठ पानी फॉर्म दिला. मी पेन काढलं.

"त्यांनी स्वतःच भरायचा."

"बाई, इंग्रजीत भरता आला असता तर त्या इथे आल्या कशाला असत्या?"

"खरंय," बाई म्हणाल्या, "पण तसा नियम आहे."

काकूंनी तो फॉर्म मी फळ्यावर लिहिलेलं गिरवून चार दिवसांत भरला. मग पत्त्याचा पुरावा. विजेचं बिल मुलाच्या नावावर, गॅसचं सुनेच्या. काकूंच्या नावावर निघालं फक्त लायब्ररीचं कार्ड, त्यावर बाईंनी आठवडाभर विचार केला आणि ते चालवून घेतलं. शेवटी तोंडी परीक्षा. कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवायला. मला बाहेर थांबवलं. पाच मिनिटांत काकू पदर सावरत बाहेर.

"झालं. चल."

आठवड्याने पत्र आलं: मुलाखत अर्धवट सोडल्यामुळे प्रवेश नाही.

मी तणतणत परीक्षकांच्या खोलीत शिरलो. गृहस्थ थकलेले होते. म्हणाले, "तुमच्या काकू 'आय कम, आय कम' म्हणत उठल्या. मी पाऊण तास वाट बघितली. चहासुद्धा घेतला नाही."

मी कपाळावर हात मारला. काकू जन्मात कुणाच्या घरून 'जाते' म्हणून उठल्या नव्हत्या.

"आमच्यात निघणारा माणूस 'येतो' म्हणतो," मी सांगितलं.

"आणि येणारा?"

"आलो म्हणतो."

"मग जातो कोण?"

"मेलेला."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग फॉर्म ओढून लिहिलं: 'येणे आणि जाणे यांत गंभीर गोंधळ. इंग्रजीची तातडीची गरज.' आणि पहिल्या वर्गात उरलेली शेवटची जागा काकूंना दिली.

काकू भडकल्या. "गोंधळ? माझा? मी तीस वर्षं मराठीचं व्याकरण शिकवलं बाप्पा."

"काकू, हात जोडतो. जूनमध्ये वर्ग संपेपर्यंत गोंधळलेल्या राहा."

राहिल्या. जूनमध्ये डॉक्टरकडे जायला त्यांनी मुलाला रजा काढू दिली नाही, मला गाडी काढायला लावली. दवाखान्यात त्यांचा नंबर आल्यावर मीही कॉलेजच्या काउंटरच्या सवयीने उठलो.

"तू बस," काकू म्हणाल्या.

वीस मिनिटं मी बाळांच्या लसीकरणाचं पत्रक पाठ करत बसलो. काकू बाहेर आल्या. हातात नवी चिठ्ठी, आणि चेहरा असा की वयाची दहा वर्षं उतरलेली.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"पोटाच्या गोळ्या बंद."

"पण होतं काय?"

"सांगितलं ना त्यांना."

"अहो काकू, फॉर्म, बिलं, परीक्षक, कुणाकुणाशी भांडलो मी. मला निदान कळू तरी द्या काय दुखत होतं ते."

काकूंनी गाडीत बसून सीटबेल्ट ओढून लावला. "तुला कशाला रे बायकांच्या चौकशा," त्या म्हणाल्या. "केमिस्टकडे घे गाडी. अन् तिथं पण गाडीतच बसायचं."