पंतप्रधानबाईंचं नाक

"नाकाजवळ आग होऊन राहिली, भाऊ," सुनंदाताई म्हणाल्या तेव्हा कॅमेरा लागला होता.

"लाइटची गर्मी आहे. दोन मिनिटं दम धरा," मी म्हणालो.

मी मेकअपमन. नागपुरात एका वेब सिरीजचं शूटिंग चाललं होतं, युद्धकाळातल्या एका पंतप्रधानबाईंवर. पडद्यावर त्या बाई ओळखू याव्यात म्हणून दोन गोष्टी करतातच, केसांतली पांढरी बट आणि नाक. नाक म्हणजे सिलिकॉनचा तुकडा, ग्लूने चिकटवतात. हा ग्लू काही कातड्यांना सोसत नाही. म्हणून आदल्या दिवशी कानामागे थेंबभर लावून चोवीस तास बघायचं. ही पॅच टेस्ट. ती झाली की शीटवर तारीख आणि सही.

सुनंदाताई नागपुरातल्याच नंदनवन भागात राहायच्या. माहेर उमरेडच्या विणकरांचं. शाळेत शिकवायच्या आणि हौशी नाटकांत पंचवीस वर्षं कामं करायच्या. ऑडिशनला साध्या सुती साडीत आल्या. युद्ध सुरू झाल्याचं भाषण वाचलं, तेव्हा लाइटवाले हातातलं काम सोडून ऐकत राहिले. पन्नाशीत मिळालेली ही त्यांची पहिली मोठी भूमिका.

शूटिंग एक दिवस अलीकडे आलं. मी दिग्दर्शकाला म्हणालो, "सर, टेस्ट राहिलीय. आज नाकाशिवाय घेऊ."

"नाकाशिवाय लोक ओळखणार कसे? उगाच घाबरवू नका हो."

सुनंदाताई आरशातून बोलल्या, "नाक काहून पाहिजे? मी बोलली का वळखतीन लोक."

सगळे हसले. मीही हसलो. मग नाक लावलं. शीटवर कालची तारीख टाकली आणि सही केली.

तीन टेक झाले. नाक काढलं, तर कातडी सोबत आली.

चार दिवसांनी आम्हा दोघांना प्रॉडक्शनच्या ऑफिसात बोलावणं आलं. सुनंदाताईंच्या चेहऱ्यावर पट्टी होती.

"माही काहीच टेस्ट नाही केली यांनी," त्या म्हणाल्या.

दिग्दर्शकाने माझ्याकडे बघितलं. मी शीट पुढे केली.

"टेस्ट तर झालीय. म्हणजे अॅलर्जी तुम्हीच लपवली, मॅडम," प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाला.

"बोला ना, भाऊ," सुनंदाताई म्हणाल्या.

मी शीटकडे बघत बसलो. बोललो असतो तर काम गेलं असतं, एवढंच. मुलीचं लग्न, घरचं आजारपण, असलं काही कारण माझ्याकडे नव्हतं.

त्यांच्या जागी मुंबईची नटी आली. तिच्या कानामागे मी थेंब लावला. चोवीस तास अख्खं युनिट थांबलं. कोणी कुरकुर केली नाही. दुसऱ्या दिवशी तसंच नाक मी तिला चिकटवलं. सिरीज आली तेव्हा लोक म्हणाले, हुबेहूब. नाकाचं कौतुक जास्त झालं.

सुनंदाताईंचा डाग गेला नाही. त्यांनी नाटकही सोडलं. इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात, मी नंदनवनात त्यांच्या घरी गेलो, दारातच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आता काहून सांगून राहिले, भाऊ? तवा चार माणसं बसली होती समोर. आता मी एकटीच हाओ. मले तर माहीतच होतं."

दार लावून घेतलं.

टेस्टला वेळ नव्हता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. वेळ होता. कोणासाठी काढायचा, ते आधीच ठरलेलं होतं, आणि खाली सही माझी होती.