चुलीत गेलेल्या चार पट्ट्या

ज्या सकाळी मी जोसेफभाऊंच्या सॅक्सोफोनच्या चारही पट्ट्या चुलीत घातल्या, त्या सकाळी देव आपल्याला माफ करील असं मला वाटलं नव्हतं.

जोसेफभाऊ मूल गावात आमच्या शेजारी राहतात. उभं आयुष्य त्यांनी जॅझ वाजवण्यात घालवलं. एकच चाल ते दोनदा सारखी वाजवत नाहीत. सूर कुठे वळेल ते त्यांनाही आधी ठाऊक नसतं. याद्या करून जगणाऱ्या माझ्यासारख्या बाईला हे आवडावं, याचं घरात सगळ्यांना हसू येतं. पण माझे यजमान गेले त्या वर्षी भिंतीपलीकडून तो जाडसर, दमदार सूर आला की मी डोळे पुसून स्वयंपाकाला उठत असे. माझी सांजआरती तीच होती.

भाऊंची थोरली बहीण मार्थाबाई आरमोरीजवळच्या खेड्यात अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी आशा सोडली होती. ‘एकदा तुझं वाजवणं ऐकव,’ एवढाच तिचा निरोप. मी गाडी ठरवली, भाऊंची औषधं घेतली, सकाळीच पोहोचलो. भाऊंनी वाद्याच्या तोंडाशी एका वेळी एक बसवायच्या, फुंकरीने सूर काढणाऱ्या वेताच्या चार पातळ पट्ट्या धुऊन अंगणात कागदावर वाळत ठेवल्या. त्या घरी चूल बांबूच्या कामट्यांनी पेटवतात; ढीगभर पडल्या होत्या. आवराआवरीच्या झपाट्यात मी कागदासकट पट्ट्याही आत सारल्या.

“बाई, माह्या पट्ट्या कुठी आहेत?” भाऊंनी विचारलं. मी चुलीकडे पाहिलं. एक अर्धी जळकी तेवढी हाताला लागली. नागपूरच्या दुकानात फोन लावला. उद्याशिवाय मिळणार नव्हत्या. आत मार्थाबाईंचा श्वास अडखळत होता. मी हात जोडले, पण काय मागायचं तेच सुचेना. “तूच बघ,” एवढंच म्हणाले.

तेवढ्यात सुपं-टोपल्या विकणारा एक म्हातारा दारात पाणी मागायला थांबला. “काऊन रडून राह्यल्या, बाई?” मी जळका तुकडा दाखवला. त्याने तो नखावर घासून पाहिला. “एवढंच नं? बसा.” ओझं उतरवून त्याने वाळल्या बांबूची कामटी काढली आणि सुरीने तासू लागला. पहिली चिरली. दुसरी भाऊंनी वाद्याला बसवून फुंकली, ती नुसती किंचाळली.

“भाऊ, हे वाजते का कोंबडी कापून राह्यले?” तो म्हणाला. भाऊ हसले. मी म्हटलं, “आणखी एक करा. झाल्याशिवाय मी उठत नाही.”

तिसरी बोलली. सूर जरा घोगरा होता, पण तो भाऊंचाच होता. मार्थाबाईंनी डोळे न उघडता म्हटलं, “जोसेफ, सर्दी झाली का तुले?” मग बोटांनी गोधडीवर ताल धरला. म्हातारा उंबऱ्याशी उभा राहून ऐकत होता. चाल संपून भाऊंनी दुसरी धरली तसं त्याने ओझं डोक्यावर घेतलं. नाव विचारलं तर म्हणाला, “बाईले ऐकू द्या आधी.”

मार्थाबाई तिसऱ्या दिवशी गेल्या. तोवर भाऊ रोज त्याच पट्टीवर वाजवत होते. माझी चूक मला दुरुस्त करता आली नाही. ती कुणीतरी येऊन दुरुस्त केली. मला फक्त दार उघडं ठेवून बसायचं होतं. त्या हातांना माझा नमस्कार.