चंबूला वाहिलेल्या अक्षता

मी वर्गात तोंड उघडत नाही, त्यामुळे माझ्या हातून काही बिघडेल असं कुणालाच वाटत नाही. पण खंडेनवमीला मी जे करून ठेवलं, ते ऐकाच.

आमच्या अंबरनाथच्या शाळेत त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या उपकरणांची पूजा असते. विज्ञानाच्या मोटवानीबाई उल्हासनगरच्या कॅम्पातून येत. नव्याच होत्या, नोकरी अजून कायम व्हायची होती. दुपारी मुख्याध्यापिका त्यांचा प्रयोग बघणार होत्या. त्यासाठी बाईंनी फोटोवाल्याकडून फोटो धुवायच्या हायपोचे खडे आणून वितळवले होते आणि काचेच्या चंबूत गार करत ठेवले होते. दिसायला नुसतं पाणी!

पूजा माझ्याकडे. तराजूला हळदकुंकू, भिंगाला फूल. मग चंबूवरच अन्याय का? कापसाचा बोळा काढून अक्षता वाहिल्या. एक दाणा आत पडला.

काय सांगू! दाण्याभोवती पांढऱ्या सुया फुटल्या, चहूकडे धावल्या, आणि बघता बघता सगळ्या पाण्याचा दगड झाला. हात लावला तर चंबू गरम!

आमच्या शिपाईण गंगूबाई चिखलोलीच्या. त्यांनी हातच जोडले.

"बाय, देव पावला गो तुला."

झालं! चंबूपुढे उदबत्ती, नारळ, मुलींची रांग. शिवमंदिरातून गुरवाला बोलवावं का, इथवर गोष्ट गेली, तेवढ्यात मोटवानीबाई आल्या.

मी रडायच्या बेतात. बाईंनी चंबू गरम पाण्यात ठेवला. दगडाचं पुन्हा पाणी झालं, ते त्यांनी गार होऊ दिलं.

"हे शांत दिसतं ना, तसं नाही," त्या म्हणाल्या. "याला खडा व्हायचंच आहे. पण शुरुवात कोण करणार? पहिला कण मिळेपर्यंत असंच बसून राहतं. इसको मेटास्टेबल बोलतात."

मी बघतच राहिले. इतकं सगळं आत दाबून कुणी इतकं नितळ दिसू शकतं? देव पावण्यापेक्षा मला हेच मोठं वाटलं.

मुख्याध्यापिका आल्या. गंगूबाईंनी त्यांना चमत्कार रंगवून सांगितला. मग हिलाच करू दे, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. मी नळावर हात स्वच्छ धुऊन आले आणि मनोभावे एक अक्षत टाकली.

पाणी ढिम्म. दुसरी टाकली. तरी ढिम्म. मुख्याध्यापिकांच्या कपाळावर आठी, बाईंचा चेहरा उतरलेला.

"सकाळी पूजेच्या आधी तू काय करत होतीस?" बाईंनी हळूच विचारलं.

"उरलेला हायपो बरणीत भरत होते."

बाई हसल्या. सकाळी तुझ्या बोटाला लागलेल्या चुऱ्याचा एक कण पुरे झाला, म्हणाल्या, आणि हायपोचा बारीक खडा आत टाकला. सुया धावल्या. मुख्याध्यापिका खुर्चीतून उठल्या आणि पुन्हा करून दाखवा म्हणाल्या.

सगळे चंबूकडे बघत होते. गंगूबाई तेवढ्या माझ्याकडे.

"म्हंजे बाय, तू हात न धुताच पूजा केलीस?"